पोह्यांवरचं लिंबू आणि शेजारचा चहा

रविवारी सकाळी कांदेपोह्यांची बशी पुढे येते. वर कोथिंबीर आणि ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड, आणि बशीला खेटून चहाचा कप. पोटाच्या बाजूने पाहिलं तर इथे दोन विरुद्ध गोष्टी शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. पोह्यांतलं, दाण्यांतलं, कोथिंबिरीतलं लोह शरीरात शिरावं म्हणून लिंबू मदत करतं. तेच लोह चहा आतड्यातच अडवून धरतो. आपण दोन्ही एकाच वेळी घेतो, आणि मग तपासणीत हिमोग्लोबिन साडेनऊ आलं की म्हणतो, "अहो, घरात आठवड्यातून तीनदा पालेभाजी असते, मटकीची उसळ असते, बाजरीची भाकरी असते. मग कमी कसं?"

हा प्रश्न घरोघरचा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास होता. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर देशभरात ६७ टक्के. रक्तक्षयाला कारणं अनेक असतात: पाळीत जाणारं रक्त, पोटातले जंत, ब-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांची कमतरता. म्हणून हिमोग्लोबिन कमी आलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण लोहाची कमतरता हे त्यांतलं मोठं कारण आहे, आणि तिथे आपल्या रोजच्या सवयींचा थेट हात असतो.

चांगलं खायचं ठरवलं की आपण पहिल्यांदा सामानाची यादी बदलतो. चिया येतं, किनोआ येतो, महागडी फळं येतात, आणि महिन्याभरात सगळं फडताळात मागे सरकतं. माझं म्हणणं असं की बहुतेक मराठी घरांत लागणारं सामान आधीच आहे. ते कशासोबत खातो, कोणत्या क्रमाने खातो आणि कशाच्या किती वेळ आधी किंवा नंतर खातो, एवढं बदललं तरी शरीराला मिळणारा हिशेब बदलतो. तो कसा, हे एकेक करून पाहू.

लोह पोटात जातं, रक्तात का जात नाही?

अन्नातलं लोह शरीरात शिरतं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातून. तिथे शिरायचं तर ते पाण्यात विरघळलेलं असावं लागतं. मांस-मासळीतलं लोह ज्या रूपात असतं ते आतड्याच्या पेशी बऱ्यापैकी सहज उचलतात. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतल्या लोहाचं तसं नाही. जठरात आम्ल असतं तोवर ते विरघळलेलं राहतं. पुढे आतड्यात आम्लता कमी झाली की ते न विरघळणाऱ्या रूपात जायला लागतं आणि तसंच बाहेर पडतं. त्यामुळे शाकाहारी जेवणातल्या लोहापैकी फार थोडा भाग, ढोबळ मानाने दहा टक्क्यांच्या आतच, रक्तापर्यंत पोचतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ स्त्रीसाठी रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. शरीराला प्रत्यक्षात लागतं त्याहून हे आकडे कितीतरी मोठे आहेत, कारण वाटेतली ही गळती धरूनच ते ठरवलेले आहेत.

क जीवनसत्त्व इथे दोन कामं करतं. एक, लोहाचं रूप असं बदलतं की आतड्याच्या पेशी ते घेऊ शकतील. दोन, लोहाला धरून ठेवतं आणि आम्लता कमी झाली तरी विरघळलेलंच राहू देतं. मात्र हे काम त्याच घासासोबत व्हायला हवं. सकाळी पेरू खाल्ला आणि रात्री मेथी खाल्ली, तर पेरूचा मेथीतल्या लोहाला उपयोग नाही.

म्हणून लिंबू पिळायचं ते जेवताना, आणि भांडं गॅसवरून उतरल्यावर. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं. आमटी उकळत असताना पिळलेल्या लिंबाचा आंबटपणा उरतो, उपयोग बराचसा जातो. लिंबू नसेल तर कच्च्या कोबीची कोशिंबीर, वरून घातलेली भरपूर कोथिंबीर, आवळ्याचा कीस यांतलं काहीही चालेल. पेरूच्या मोसमात जेवणाच्या शेवटी दोन फोडी खाल्ल्या तर उत्तमच. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं आणि तो संत्र्यापेक्षा स्वस्तही पडतो.

लोखंडी कढई आणि लोखंडी तवाही कामाचे आहेत. त्यांत शिजवताना थोडं लोह अन्नात उतरतं. पदार्थात टोमॅटो, चिंच किंवा आमसूल असेल तर जास्त उतरतं. भाजी शिजली की ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते आणि चवही बिघडते.

चहा एक तास पुढे

चहाच्या पानांत जी तुरट द्रव्यं असतात ती लोहाला घट्ट चिकटतात. त्यांची जोडी पाण्यात विरघळत नाही, आतड्याला ती उचलता येत नाही. चहात दूध घातलं म्हणून हे टळतं, असं समजू नये. जेवणासोबत चहा घेतल्यावर लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. तोच चहा जेवणानंतर तासाभराने घेतला तर घट बरीच कमी होते, कारण तोवर जेवणातलं पुष्कळसं लोह त्या भागातून पुढे गेलेलं असतं. कॉफीचंही असंच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी नव्या आहारसूचना प्रसिद्ध केल्या. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असं त्यांतही स्पष्ट म्हटलं आहे.

मी चहा सोडा असं म्हणत नाही. महाराष्ट्रात असं सांगून कोणी ऐकल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि त्याची गरजही नाही. उठल्यावरचा चहा उठल्यावर घ्यावा, नाश्ता तासाभराने करावा. नाश्त्याबरोबर काही प्यायचंच असेल तर ताक किंवा लिंबूपाणी घ्यावं. दुपारच्या जेवणाचा आणि चार वाजताच्या चहाचा मुळात काही संबंध येत नाही, तो तसाच राहू द्यावा. खरी अडचण आहे ती चहा-पोळीची. घाईत असलेल्या कितीतरी बायका आणि शाळेत जाणारी मुलं सकाळी चहात बुडवून पोळी खातात आणि तोच नाश्ता समजतात. त्या पोळीतलं लोह जवळजवळ वाया जातं, आणि साखर तेवढी पोटात जाते. ही एक सवय बदलली तरी खूप मिळवलं.

लोहाची गोळी चालू असेल तर ही बाब दुप्पट महत्त्वाची. ती चहा किंवा दुधासोबत घेऊ नये. कॅल्शियमची गोळीही चालू असेल तर दोन्ही एकदम न घेता वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. लोहाच्या गोळीसोबत लिंबूपाणी चालतं. गरोदरपणात या दोन्ही गोळ्या हातात पडतात; त्या कधी घ्यायच्या हे तेव्हाच नीट विचारून घ्यावं.

कापडातल्या मटकीत काय घडतं

धान्य आणि कडधान्य म्हणजे शेवटी बी. उद्याच्या रोपाला लागणारं फॉस्फरस ते एका आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. त्याला फायटिक आम्ल म्हणतात. हे आम्ल लोह आणि जस्त दोन्हींना बांधून ठेवतं. बाजरीत लोह चांगलं असतं, पण हे आम्लही असतं. कागदावरचं लोह आणि अंगी लागणारं लोह यांत अंतर पडतं ते असं.

आता मटकी रात्री पाण्यात टाकली की काय होतं ते पाहा. सकाळपर्यंत दाणे फुगून दुप्पट होतात, साल ताणली जाते, काही दाण्यांची फाटते. पाणी ओतून दाणे सुती कापडात घट्ट बांधले, की आतल्या ओलाव्याने बी जागं होतं. आता त्याला साठवलेलं फॉस्फरस वापरायचं असतं. म्हणून ते एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, कामाला लावतं आणि ते विकर फायटिक आम्ल तोडायला लागतं. बांधलेलं लोह सुटं होतं. त्याच वेळी दाणा क जीवनसत्त्व तयार करू लागतो. कोरड्या मटकीत ते जवळजवळ नसतंच. पोटात वायू धरणाऱ्या काही शर्कराही या काळात कमी होतात, म्हणून मोडाची उसळ साध्या उसळीपेक्षा हलकी वाटते. उन्हाळ्यात एका दिवसात नखाएवढा पांढरा मोड दिसतो. थंडीत पुरचुंडी डब्यात घालून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवली तरी दुसरा दिवस उजाडतो.

मोड कच्चे खाण्यापेक्षा झाकण ठेवून एक वाफ आणून खाल्लेले बरे. ज्या ओलसर उबेत मोड येतात तिथे जंतूही वाढतात, आणि ते वाफेने मरतात. थोडं क जीवनसत्त्व त्यात जातं, ते वर पिळलेल्या लिंबाने भरून निघतं.

आंबवण्यानेही हेच साधतं. इडली, ढोकळा, कोकणातली आंबोळी या सगळ्यांत रात्रभर जंतूंनी आणि विकरांनी आपल्यासाठी काम केलेलं असतं. सोडा घालून अर्ध्या तासात फुगवलेल्या पिठात ते होत नाही. सुटीच्या दिवशी इडली करायची तर आदल्या दुपारी डाळ-तांदूळ भिजत घालायला आठवण ठेवायची, एवढाच त्यातला खटाटोप.

आधी कोशिंबीर, मग पोळी, शेवटी भात

आता दुसरा घरगुती पेच. दोघं भाऊ एकाच ताटातलं तेच जेवण जेवतात. एकाची जेवणानंतरची साखर फार चढते, दुसऱ्याची कमी. शरीराची ठेवण वेगळी असते हे खरंच. पण एकच माणूस, तेच जेवण, तेवढंच जेवण, आणि फक्त खाण्याचा क्रम बदलला, तरीही फरक पडतो.

न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातला एक छोटा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दिलं. एका दिवशी आधी पाव आणि संत्र्याचा रस, मग १५ मिनिटांनी कोंबडी आणि भाज्या. दुसऱ्या दिवशी उलट: आधी भाज्या आणि कोंबडी, मग पाव आणि रस. भाज्या आधी खाल्ल्या त्या दिवशी तासाभरानंतरची रक्तातली साखर ३७ टक्क्यांनी कमी होती. माणसं थोडी होती, पण जपानमध्येही आधी भाजी आणि मग भात या क्रमाचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांचा कलही हाच आहे.

हे का घडतं, ते समजायला धरणाकडे पाहावं. खडकवासल्याच्या वर पाऊस पडायचा तेवढाच पडतो. दरवाजे एकदम उघडले तर मुठेकाठी पाणी घरांत शिरतं. बेताने सोडत गेलं तर तेवढंच पाणी नदीच्या पात्रातून निघून जातं. जठर आणि लहान आतडं यांच्या मध्ये असाच एक दरवाजा असतो. मोकळ्या पोटी भात किंवा पोळी आधी गेली तर ती झपाट्याने पुढे सरकते, तिचं साखरेत रूपांतर होतं आणि रक्तात एकदम पूर येतो. आधी काकडी, कोबी, उसळ गेली असेल तर त्यांतला तंतुमय भाग पाणी शोषून बुळबुळीत होतो. प्रथिनं आणि थोडी चरबी आतड्यात पोचली की आतडं काही संप्रेरकं सोडतं, आणि ती जठराला दरवाजा बेताने उघडायचा निरोप देतात. मागून आलेला भात मग हळूहळूच पुढे जातो. खाल्लेलं तेवढंच असतं, पण पूर येत नाही.

पूर वारंवार आला तर काय बिघडतं? साखर एकदम चढली की स्वादुपिंडाला इन्सुलिन मोठ्या प्रमाणात सोडावं लागतं. वर्षानुवर्षं हेच चाललं, जोडीला पोटाचा घेर वाढला, की इन्सुलिनचा परिणाम बोथट होत जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावरच्यांना या सवयींचा उपयोग सगळ्यांत जास्त आहे.

आपली रोजची जेवायची पद्धत यात अर्धी बरोबर आहे. घरी बहुतेक जण पोळी-भाजी आधी आणि भात शेवटी घेतात. चुकतं ते कोशिंबिरीच्या बाबतीत. ती ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चमचाभर असते आणि तोंडी लावायची म्हणून अधूनमधून चाटली जाते. पंगतीत तर सुरुवातच वरणभाताने होते. तिथे निदान त्यावर तूप, वरण आणि लिंबू असतं, नुसता भात नसतो. कोशिंबीर वाटीभर करायची आणि पहिली पाच मिनिटं तीच खायची, सोबत उसळीचे चार घास घ्यायचे, मग पोळीला हात लावायचा. गाजराच्या किंवा काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि तेलाची लहानशी फोडणी असतेच. गाजरातलं जे द्रव्य पुढे अ जीवनसत्त्व होतं ते शोषायला थोडी चरबी लागते, म्हणून ती फोडणी तशीच राहू द्यावी.

सावकाश खाण्याचाही इथे संबंध आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूला जठराच्या ताणातून आणि आतड्यातल्या संप्रेरकांतून जातो. त्याला वेळ लागतो, साधारण १५ ते २० मिनिटं. सात मिनिटांत जेवण उरकणाऱ्याचं पोट भरलेलं असतं, पण ते त्याला कळलेलं नसतं. तो आणखी एक पोळी वाढून घेतो. कोशिंबिरीला चावावं लागतं. तिने सुरुवात केली की हा वेळ आपोआप मिळतो.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र भात-पोळीचं प्रमाण फार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, नाहीतर साखर प्रमाणाबाहेर खाली जाण्याचा धोका असतो.

शतपावली

आजी-आजोबांच्या पिढीला जेवल्यावर अंगणात फेऱ्या मारताना आपण पाहिलं आहे. त्यामागची यंत्रणा आता चांगली कळली आहे. स्नायू आकसतात तेव्हा साखर आत घेणारी प्रथिनं स्नायूपेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि हे इन्सुलिनच्या निरोपाशिवायही घडतं. म्हणजे ज्याचं इन्सुलिन बोथट झालं आहे त्याच्या पायांचे स्नायूसुद्धा चालताना रक्तातली साखर ओढून घेऊ शकतात. जेवल्यानंतर साखर चढते ती साधारण अर्ध्या ते एक तासात. म्हणून चालायचं ते त्याआधी, पान उचलल्या उचलल्या. दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाललं तरी पुरतं. दोन-पाच मिनिटांच्या फेऱ्यांचाही उपयोग दिसून आला आहे. रात्रीच्या जेवणानंतर याची गरज सगळ्यांत जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच आपण टीव्हीसमोर बसतो.

चौकट: एका दिवसाचं ताट

राष्ट्रीय पोषण संस्थेने रोज २,००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी सुचवलेलं प्रमाण (धान्य-डाळींचं वजन कोरडं, न शिजवलेलं):

धान्य आणि भरड धान्य: २५० ग्रॅम
डाळी-कडधान्यं, किंवा अंडी-मासे-मांस: ८५ ग्रॅम
भाज्या, पालेभाज्या धरून: ४०० ग्रॅम
फळं: १०० ग्रॅम
दूध किंवा दही: ३०० मिलिलिटर
दाणे, तीळ, जवस, सुकामेवा: ३५ ग्रॅम
तेल-तूप: २७ ग्रॅम

तेलाचा हिशेब घरात करायला सोपा आहे. माणशी महिन्याला साधारण ९०० मिलिलिटर, चौघांच्या घरात साडेतीन लिटर. महिन्याला किती पिशव्या फुटतात ते मोजून पाहावं.

वरण किती पातळ?

या चौकटीतला ८५ ग्रॅम हा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपलं ताट तिथेच कमी पडतं. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं असतात. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. चौघांत मिळून मूठभर डाळीचं पातळ वरण केलं तर प्रत्येकाच्या वाटीत किती प्रथिनं आली, याचा हिशेब कोणीही करू शकेल. उरलेलं पोट भात आणि पोळीने भरतं.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्याला अर्थ आहे. प्रथिनं ज्या घटकांपासून बनतात त्यांतला लायसिन हा घटक तांदूळ-गव्हात कमी आणि डाळीत भरपूर असतो. मिथिओनिनचं बरोबर उलट आहे. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. ते एकाच घासात हवं असं नाही, दिवसभरात मिळालं तरी चालतं. पण भरून काढायला डाळ पुरेशी हवी.

त्यासाठी नवा पदार्थ शिकावा लागत नाही. वरण घट्ट करावं. आठवड्यातून दोनदा पिठलं किंवा झुणका, दोनदा उसळ, नाश्त्याला मुगाचं धिरडं. पालेभाजीत मूठभर मूगडाळ किंवा हरभराडाळ. अंडी-मासे खाणाऱ्यांनी ते नियमित खावं. बांगडा, तारली हे स्वस्त मासे महागड्या माशांच्या तोडीचे आहेत.

आणि एक गोष्ट वाढण्याची. अजूनही पुष्कळ घरांत बाई शेवटी जेवते. तोवर उसळ संपलेली असते, भाजीचा तळ उरलेला असतो, आणि भाकरी मात्र असते. सगळ्यांत जास्त लोह लागणाऱ्या माणसाच्या वाट्याला सगळ्यांत कमी उसळ येते. जेवायला बसण्याआधी तिची उसळीची आणि भाजीची वाटी भरून बाजूला काढावी. ती काढायचं काम तिच्यावर सोपवू नये, तिच्या हातून ती इतरांसाठीच रिकामी होते.

फळ चावून

१९७७ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. सारख्याच साखरेचं सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, मऊ लगदा करून, आणि चोथा काढलेला रस. अख्खी सफरचंदं खायला सरासरी १७ मिनिटं लागली, लगद्याला सहा, रसाला दीड. रस प्यायल्यावर इन्सुलिन अधिक चढलं आणि त्यानंतर साखर नेहमीच्या पातळीच्याही खाली घसरली; अख्ख्या फळाने तसं झालं नाही. पोटही सगळ्यांत जास्त भरलं ते अख्ख्या फळानेच. घसरलेली साखर पुन्हा भूक लावते, म्हणून रस पिऊन बाहेर पडलेल्याला तासाभरात वडापाव आठवतो. संत्री-मोसंबीचा रस काढायच्या भानगडीत न पडता फोडी खाव्यात. घरातल्या लहानांना दात आल्यापासून तीच सवय लावावी.

जिभेला न कळणारं मीठ

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट भरलेल्या चहाच्या एका चमच्याहून कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आपण भाजी-आमटीत घालतो ते दिसतं. लोणचं, फरसाण, खारे दाणे, चटणी यांतलं धरलं जात नाही. आणि पापडातलं तर जिभेलाही पुरतं कळत नाही, कारण त्यात मिठाखेरीज पापडखार असतो. पापडखार आणि खाण्याचा सोडा हे सोडियमचेच क्षार आहेत. ते फारसे खारट लागत नाहीत, पण शरीरासाठी सोडियम ते सोडियमच. रक्तात ते वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, वाहिन्यांमधल्या रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो.

पाकिटावर बहुधा मिठाऐवजी सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ येतं. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झालं, दिवसाच्या मर्यादेचे चाळीस टक्के. छोट्या पाकिटावर आकडा १०० ग्रॅमचा असतो आणि पाकीट ५० ग्रॅमचं, किंवा उलट; ते तेवढं नीट पाहावं.

मीठ एका दिवसात निम्मं केलं तर घरातलं कोणीच जेवणार नाही, आणि चार दिवसांत ते पूर्ववत होईल. ते थोडं थोडं उतरवावं. या आठवड्यात आमटीत चिमूटभर कमी, पुढच्या आठवड्यात भाजीत, मग पोळीच्या कणकेतलं काढून टाकावं. ताटातली मिठाची वाढ बंद करावी. आंबट वाढवलं, म्हणजे लिंबू, आमसूल, चिंच, की मिठाची उणीव बरीच झाकली जाते; जिरे-मिऱ्यांची ताजी पूड, लसूण, कढीपत्ता यांनीही चव उचलली जाते. जीभ काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, कमी मिठाला सरावते आणि तेवढंच तिला बरोबर वाटू लागतं. त्यानंतर बाहेरची आमटी खारट लागायला लागते.